हरड वकिलांची उरलेली पानं

शहापूरच्या बार रूममध्ये हरड वकिलांवर एक विनोद ठरलेला होता. त्यांचा लेखी युक्तिवाद दाखल व्हायचा असला की कोणीतरी विचारायचं, "टेम्पो सांगितला का?" दुसरा म्हणायचा, "टेम्पो कशाला, कोर्टच इकडे आणा, सोपं पडेल." हरड तिथेच कोपऱ्यातल्या बाकावर चहात पाव बुडवत बसलेले असत. ते हसत नसत आणि चिडतही नसत. पाव संपला की रुमालाला बोटं पुसत म्हणायचे, "ज्याची जमीन जाते ना, त्याला साठ पानं कमीच वाटतात." दोन मिनिटांनी पुन्हा टेम्पो यायचाच.

मी त्यांची ज्युनिअर. सहा वर्षं होते. त्यांच्याबद्दल सगळं सांगायचं तर त्यांच्यासारखी साठ पानं लागतील, पण कमी लिहायची सवय मला आहे. ती मीच त्यांनाही लावली. लावली नसती तर बरं झालं असतं.

काटकुळा, उंच माणूस. काळ्या कोटाची कोपरं घासून चकाकायला लागलेली आणि पायात कोर्टातसुद्धा जाड तळाच्या चामडी चपला. घर शेणव्याला. आठवड्याचे तीन दिवस शहापूर आणि दोन दिवस मुरबाड, आणि दोन्हीकडे एसटीने. खाकी पिशवीत कोर्टाच्या हिरव्या कागदाचा गठ्ठा आणि शाईचं पेन. फोनवर बोलताना ते उभे राहत. समोर न्यायाधीश असोत नाहीतर भाजीवाला, उभेच.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा वाटलं होतं, एखादी फाईल वाचायला देतील. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मी नव्या नोकरीच्या उत्साहात टाचेच्या सँडल घालून आले होते. म्हणाले, "हे काय घालून आलीस गो? वकिली पायाने करायची असते. उद्या बूट घालून ये." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला किन्हवलीच्या पुढे एका शेतावर नेलं आणि तासभर बांधावरून फिरवलं. जमीन स्वतःच्या पायाखालून गेल्याशिवाय ते वकीलपत्रावर सही करत नसत. आणि अंतरं मोजायचे पावलांनी. विहिरीपासून बांध एकतीस पावलं, बांधापासून आंबा चौदा. मोजलं की लगेच थांबून लिहायचं.

पुढच्या खेपेला मी शहापूरच्या हार्डवेअरवाल्याकडून मोजायची टेप घेऊन गेले. त्यांनी ती हातात घेतली, थोडी ओढून पाहिली, परत दिली.

"मोजणीदार मीटरात लिवतो," ते म्हणाले. "ते मीटर पक्षकाराला कळत नाय. उलटतपासाला गडबडतो. पाऊल म्हातारीलापण कळतं."

"पण सर, प्रत्येकाचं पाऊल वेगळं असतं."

"माझं एकच हाय. चाळीस वर्षं तेवढंच पडतंय."

टेप माझ्या पिशवीत राहिली. पुढे सहा वर्षं ती तिथेच होती.

त्यांच्या साठ पानांत काय नसे? चारी बाजूंचे शेजारी, त्यांचे बाप, कोणत्या साली कोणाची म्हैस कोणाच्या विहिरीत पडली आणि ती काढायला कोण कोण आलं. पक्षकाराचं बोलणं ते त्याच्याच शब्दांत लिहीत, सुधारत नसत. टाईप करून करून माझी बोटं दुखायची आणि मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचे. पण एकदा तानसाच्या बाजूच्या एका विहिरीच्या दाव्यात सत्तेचाळिसाव्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की विहिरीच्या पायऱ्या आमच्या पक्षकाराच्या दाराकडे उतरतात, दुसऱ्याच्या दाराकडे भिंत आहे. निकालात न्यायाधीशांनी तेच एक वाक्य धरलं. बार रूममध्ये दोन दिवस टेम्पो आला नाही.

मग दहा पानं आली.

मुरबाडला नव्या न्यायाधीश बाई रुजू झाल्या आणि त्यांनी सांगितलं, दिवाणी दाव्यात लेखी युक्तिवाद दहा पानांपेक्षा जास्त घेणार नाही. अक्षर मोठं, ओळींत अंतर, समास सोडलेला. हरडांनी पहिल्यांदा काय केलं, तर साठ पानांचा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरात हाताने लिहून दहा पानांत बसवला. समास सोडला नाहीच, पानाची पाठही सोडली नाही. बाईंनी कागद जवळ नेला, लांब नेला, चष्मा काढला. म्हणाल्या, "वकीलसाहेब, मर्यादा पानांना आहे, आणि माझ्या डोळ्यांनाही थोडी आहे." कोर्ट हसलं. पुढच्या दाव्यात त्यांनी दहा पानांचा युक्तिवाद दिला आणि मागे चौपन्न पानांचं परिशिष्ट जोडलं.

या वेळी बाई हसल्या नाहीत. सावकाश म्हणाल्या, "हरडसाहेब, तुमचं मी सगळं वाचते. चांगलं लिहिता. पण माझ्यापुढे रोज खूप दावे असतात. तुमची चौपन्न पानं वाचते त्या दिवशी दुसऱ्या कोणाची तारीख पुढे जाते. तोही शेतकरीच असतो."

आम्ही परतीची एसटी धरली. सरळगाव मागे पडल्यावर हरड म्हणाले, "ती बाई खरं बोलली. माझ्या कागदाखाली कुणाचीतरी तारीख दबून बसत असंल, हे कंदी डोक्यात नाय आलं." मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. या वयात आपली चूक अशी कोण कबूल करतं?

त्यानंतर मी त्यांची शिक्षिका झाले. ते लिहीत, मी तांबडी पेन्सिल घेऊन बसे. "सर, म्हैस काढू?" "काढ." "सर, हे शेजाऱ्याच्या बापाचं?" "काढ बाई, मेला तो." प्रत्येक वेळी चेहरा असा व्हायचा की जणू दात उपटतेय. काढलेली पानं मात्र टाकू देत नसत. एक जाड पुठ्ठ्याची फाईल केली होती, तिच्यावर स्वतःच्या अक्षरात 'उरलेलं' असं लिहिलं होतं. पानांना भोक पाडून, दोरी ओवून ते ती त्यात लावायचे. मी चिडवायचे, की सर, ही फाईल कोणत्या कोर्टात दाखल करणार?

अशा दिवसांत ठमाबाई आली.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतली. साठीच्या पुढची, नवरा गेलेला, दोन मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. ओढ्याकाठचा बारा गुंठ्यांचा तुकडा घरच्या तोंडी वाटणीत तिच्या नवऱ्याला आला होता, पण कागदावर नाव दिराचंच राहिलं. दिराने तो ठाण्याच्या एका पार्टीला विकला. आता दीर सांगत होता की जमीन कायम मीच कसत होतो, ही बाई नवरा मेल्यावर घुसली. म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं होतं: ठमाबाईच्या घरचा ताबा किती जुना? दावा चालू असेपर्यंत तिकडे कोणी हात लावू नये, असा मनाई हुकूम हरडांनी मिळवला होता.

वकीलपत्राआधी आम्ही अर्थातच जमिनीवर गेलो. नाचणी कापून झाली होती. एका अंगाला हत्तीएवढा काळा कातळ, दुसऱ्या अंगाला ओढा आणि कोपऱ्यात उंबर. उंबराखाली एक दगड उभा केलेला, त्याला शेंदूर नाही, काही नाही. हरडांनी विचारलं, "हा कसला?"

ठमाबाईने दगडावरचा पाला हाताने बाजूला केला. "माझी पयली पोर हाय तितं," म्हणाली. "सव्वा वर्साची व्हती. बारक्या पोराला जाळत नाय ना आमच्यात. आपल्या रानात ठेवतात. आपल्या रानात आसली म्हंजे जाता-येता दिसते."

हरड तिथेच उकिडवे बसले. मग उठून कातळापाशी गेले आणि तिथून दगडापर्यंत पावलं मोजत आले. मी मागून येत होते. फोटो काढत होते, त्यात दगड, उंबराचं खोड आणि ठमाबाईचा पदर एवढंच आलं. निघताना ती त्यांना म्हणाली, "दादा, मला कोर्टात बोलाया येत नाय. तू समदं लिव."

"समदं लिवीन, ठमाबाय."

परत येताना ते मला म्हणाले, "कळलं का गो? कोण आपलं पोर दुसऱ्याच्या रानात पुरतं? चाळीस वर्सांपूर्वी ही जमीन त्यांचीच व्हती. यापेक्षा मोठा कागद कुठला आणणार?" आणि ते ग्रामपंचायतीत बसून राहिले, जुन्या रजिस्टरातून पोरीच्या मृत्यूची नोंद शोधली, तिची नक्कल कोर्टात निशाणी एक्केचाळीस म्हणून दाखल केली. ठमाबाईनेही साक्षीत सांगितलं, की कोपऱ्यात माझी पोर आहे, दगड मीच ठेवला. एक ओळ. त्याहून जास्त तिच्याने बोलवलं नाही.

युक्तिवाद त्यांनी बासष्ट पानांचा लिहिला. आम्ही काढत काढत बारा पानांवर आलो आणि अडलो. उरलेल्या बारांत कायदा होता, वाटणी होती, महसुलाचे कागद होते आणि पोरीची दोन पानं होती. त्या दोन पानांत पावलं होती, उंबर होता, आमच्याकडे बारकी पोरं कुठे ठेवतात ते होतं, आणि मृत्यूच्या नोंदीची तारीख त्या दगडाशी जोडून दाखवली होती.

मी म्हणाले, "सर, पोरीचं साक्षीत आलंय. नोंद निशाणीवर आहे. कोर्ट वाचेलच. इथे पुन्हा लिहिलं तर रडगाणं वाटतं."

त्यांनी ती दोन पानं पुन्हा वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रडगाणं वाटतं?"

"थोडं वाटतं सर."

त्यांनी दोन्ही पानं वेगळी केली. मग म्हणाले, "काढ."

त्यांनी स्वतःच भोकं पाडली आणि पानं 'उरलेलं'मध्ये लावली. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये त्यांनी दहा पानं सगळ्यांसमोर मोजून दाखवली. नेमकी दहा. कोणीतरी चहा सांगितला, कोणीतरी पाठीवर थाप मारली. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलाने पाढे न चुकता म्हणून दाखवावेत तसे उभे होते.

दावा गेला.

निकाल मी वाचून दाखवला, कारण त्यांना डोळ्याचे थेंब घातलेले होते. त्यात दोन वाक्यं होती. एक, की पतीच्या मृत्यूच्या आधीपासून वादीच्या घरचा ताबा होता हे वादीतर्फे दाखवण्यात आलेलं नाही. दुसरं, की निशाणी एक्केचाळीसचा या जमिनीशी काय संबंध, हे वादीने कुठेही स्पष्ट केलेलं नाही. बाईंचं काही चुकलं नव्हतं. मृत्यूची नोंद गावाची होती, शेताची नव्हती, आणि साक्षीतल्या त्या एका ओळीत साल नव्हतं. ती शेताशी जोडणारी दोन पानं आमच्या कपाटात होती.

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

दाव्याबरोबर मनाई हुकूमही संपला. अपील करायचं तर निकालाची नक्कल लागते, ती नियमाप्रमाणे चौथ्या दिवशी मिळाली. तिसऱ्या दिवशी, रविवारी, जेसीबी आला होता. समोरच्याने बेकायदा काही केलं नाही, त्याच्या हातात निकाल होता. त्याने उंबर पाडला, बांध मोडले, उतार कापला आणि त्यावर मुरूम टाकून सगळं सपाट केलं. फक्त काळा कातळ हलला नाही म्हणून राहिला.

सोमवारी ठमाबाई शहापूरला ऑफिसात आली. खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यापाशी टेकली. रडून झालेलं असावं, कारण डोळे कोरडे होते.

"दादा," ती म्हणाली, "तू पोरीचं लिवलं व्हतंस ना?"

हरड फोनवर उभे राहतात तसे उभे राहिले. "नाय लिवलं, ठमाबाय."

"ऱ्हावलं आसंल," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. एवढं लिहायचं तर एखादी गोष्ट राहते, असं.

"ऱ्हावलं नाय. लिवलं व्हतं. मी काढलं."

मी चहाचे कप हातात घेऊन तिथेच उभी होते. मी काढायला लावलं, एवढं म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ती गेल्यावर मी म्हणणार होते, पण त्यांनी आधीच सांगून टाकलं, "तू काय बोलू नको. सही माझी हाय." या गोष्टीवर त्यानंतर त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच वर्षी त्यांचं डावं अंग गेलं. हात थोडा परत आला, पाय फारसा नाही. कल्याणला अपिलात त्यांनी चारच पानं दिली. पहिल्याच पानावर पोर होती. तिथले न्यायाधीश म्हणाले, हे खालच्या कोर्टात का नाही मांडलं? हरड काठीवर उभे होते. म्हणाले, "चूक वकिलाची होती साहेब. बाईने मला सांगितलं होतं." अडीच वर्षांनी अपील आमच्यासारखं झालं. बारा गुंठे ठमाबाईला परत मिळाले.

ताब्याचे कागद झाले त्या दिवशी आम्ही तिघं जमिनीवर गेलो. मी नको म्हणत होते, पण ते आले. रिक्षा वाडीपर्यंत, पुढे चालत. दर शंभर पावलांवर ते थांबत आणि काठी दुसऱ्या हातात घेऊ बघत, तो हात धरत नसे.

ठमाबाई सपाट मुरमावर उभी राहिली आणि इकडेतिकडे बघायला लागली. आयुष्य त्या तुकड्यावर काढलेली बाई, पण तिथे आता बांध नव्हता, उतार नव्हता, उंबर नव्हता. "कोपरा कुठं व्हता, दादा?" तिने विचारलं.

हरडांनी खाकी पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "वरची दोन काढ." ती दोन पानं होती. भोकं पाडलेली, कडेला माझी तांबडी रेघ. ते एवढ्यासाठी आले होते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी वाचलं, "काळ्या कातळापासून उगवतीला तेवीस पावलं. तिथून ओढ्याकडं सात." कातळाला पाठ लावली आणि निघाले. उजवा पाय पुढे, काठी, मग डावा पाय ओढत. आम्ही दोघी मोजत होतो. तेविसाव्या पावलाला ते थांबले आणि मागे वळून पाहिलं. कातळ अगदी जवळ होता. एवढा जवळ तो दगड नव्हता, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

"पाऊल पडत नाय आता तेवढं," ते म्हणाले.

मग माझ्याकडे बघून, "तू मागं व्हतीस ना त्या दिवशी? तुझी किती झाली व्हती?"

मी मोजली नव्हती. मी फोटो काढत होते. टेप त्या दिवशीही माझ्या पिशवीत होती, आजही होती. मी म्हणाले, "सर, मी लांब पाऊल टाकून बघते." टाकलं. ते मान हलवत राहिले. "नाय. एवढं लांब नव्हतं." मी थोडं आखूड केलं. "एवढं आखूड पण नाय." स्वतःचं पाऊल कसं होतं ते त्यांना सांगता येत नव्हतं. चाळीस वर्षं तेवढंच पडत होतं, म्हणून त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं.

ठमाबाईने माझ्या आणि त्यांच्या खुणांच्या मधे कुठेतरी एक जागा धरली. ओढ्यातून एक धोंडा आणून तिथे ठेवला आणि त्याच्याजवळ बसली. "हितंच आसंल, दादा," म्हणाली. "सगळं रान माझंच झालंय ना आता. कुठं का आसंना. तू बस आता."

ते बसले नाहीत. पुढच्या पौषात ते गेले. मी तेव्हा मुलाच्या आजारपणात अडकले होते, शेणव्याला मला दुसऱ्या दिवशी पोचता आलं. त्यामुळे मला ते आठवतात ते त्या दुपारचेच. ठमाबाई बस म्हणतेय, मी पाण्याची बाटली घेऊन मागे जातेय, आणि हरड वकील पुन्हा कातळापाशी पोचलेत. दोन पानं काखेत धरलीत, पाठ कातळाला नीट लावलीय. डाव्या मांडीला हात घालून त्यांनी पाय उचलला, होता होईल तेवढा लांब पुढे ठेवला, आणि म्हणाले, "एक."